अकरा मिनिटं आधी

इमास: ...आणि खुर्ची तुमची पुढच्या रांगेत, अगदी मधोमध. कागदावर नाव लिहून चिकटवलंसुद्धा. आता नाही म्हणायचं नाही, अबाह.

अबाह ओमो: कागद काढता येतो.

एनोक: बघ, इमास. अर्धा तास झाला, तू एवढं घसा कोरडा करून सांगतेयस, आणि हे एका ओळीत उत्तर देऊन पुन्हा चटईच्या काड्या मोजतायत.

इमास: एनोक अंबू, तुम्ही बायको ना यांची, तुम्ही तरी समजवा. शनिवारी अस्रची, दुपारची नमाज झाली की लगेच आहे. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. इथून शंभर पावलं पण नाहीत. दीड तासाची फिल्म, मगरिबच्या, सांजेच्या नमाजेच्या आत माणूस घरी.

अबाह ओमो: मला मोतीबिंदू आहे.

एनोक: मागल्या वर्षी काढला.

अबाह ओमो: एकाच डोळ्याचा.

एनोक: मग एका डोळ्याने बघा. फिल्म पण एकच आहे.

इमास: असं काय करता हो. अख्खी गल्ली येणार आहे. हेवी मेटल म्हटलं की कानावर हात ठेवणारी माणसं येणार आहेत. तो पलीकडचा शिंपी, ज्याने बँडच्या पोरांवर एकदा पाण्याची बादली ओतली होती, तो पण येतोय. आणि तुम्ही नाही?

अबाह ओमो: मला तो आवाज सोसत नाही.

इमास: ऐका. पन्नास वर्षं मशिदीत ज्याने काढली, म्हशीच्या कातड्याचा एवढा मोठा बेडुग रोज पाच वेळा ज्याच्या कानाशी वाजला, त्याला म्हणे आवाज सोसत नाही.

अबाह ओमो: बेडुग वेगळा. तो नमाजेची वेळ सांगतो.

इमास: माझ्या जाजांगचा ढोल पण काहीतरी सांगतच असेल. मला इतकी वर्षं कळलं नाही, ही गोष्ट वेगळी. अबाह, खरं सांगते, मी पण तुमच्यासारखीच होते. पोरगा जगभर फिरतो, केस कमरेपर्यंत, काळे कपडे, आणि बँडचं नाव काय तर सारेउपना. तिन्हीसांज. पोरांना घरात बोलवायची वेळ, तिचं नाव कुणी बँडला ठेवतं का? पंचवीस वर्षं मी त्यांचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आणि आता गेल्या आठवड्यात जकार्तात ती फिल्म बघितली, तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतेय, बघा, बघाच. माझ्या चुलीवरचे सुराबीचे घावन घ्यायला आलेल्या माणसाला सुराबी नंतर, आधी फिल्म.

एनोक: काल मला म्हणत होता भाजीवाला. म्हणे तुमच्या इमासबाईंनी माझी कोथिंबीर हातात धरून पाऊण तास फिल्म सांगितली.

इमास: आणि कोथिंबीर घ्यायची राहून गेली, ते नाही सांगितलं त्याने. अहो पण काय फिल्म आहे. कोणी बाई आहे जोग्याकर्ताची, बारीकशी, चष्मा लावणारी. तीन वर्षं यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरली. मला वाटलं दारू, भांडणं, असलं काहीतरी दाखवणार. दिवे गेले, आणि पडद्यावर पहिलं काय आलं असेल? माझी चूल. मातीची झाकणं, वाफ, आणि माझे हात. एवढाले मोठे हात. मी ओरडलेच, अगं बाई हे तर माझं जळलेलं बोट. शेजारी ओठात बाळी घातलेली एक मुलगी बसली होती, तिने माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

एनोक: गाण्यांचं सांग. ते शब्दांचं. मला दोनदा सांगितलंस, यांना नाही सांगितलं.

इमास: हां. तो एपुल आहे ना, त्यांचा गाणारा. दिवसा नूडल्सची गाडी लावतो, गाईसारखा गरीब पोरगा. आणि माईक हातात आला की घशातून असा गुरगुरतो की अंगावर काटा यावा. मी आपली समजायचे, हा कुणाला तरी शिव्याशाप देतोय. तर फिल्ममध्ये तो गुरगुरतोय आणि खाली पांढऱ्या अक्षरात शब्द उमटतायत. काय शब्द? 'आई, दार लावू नकोस, मी अजून ओढ्यापाशीच आहे.' मी डोळे पुसत बसले, अबाह. इतकी साधी गोष्ट. मग बाहेर एपुल भेटला, त्याला म्हटलं, मेल्या, सरळ म्हणायचं ना. तर म्हणतो, मावशी, सरळ म्हटलं असतं तर रडू आलं असतं.

अबाह ओमो: चांगला मुलगा आहे तो. त्याचे वडील पहाटेच्या नमाजेला कधी चुकले नाहीत.

इमास: बघा, चांगला म्हणता ना? मग चला की शनिवारी.

अबाह ओमो: तू सांगितलंस, मी ऐकलं. बघितल्यासारखंच झालं.

एनोक: इमास, तू त्या सुराबी झाकून ठेव. माशा बसतील.

इमास: अरे हो, गरम आणल्या होत्या. अबाह, तुमच्या आवडीच्या, शेंगदाण्याच्या पेंडीचा ओंचोम घातलेल्या, तिखट. घ्या ना एक.

एनोक: आज सोमवार.

इमास: विसरलेच. सोमवारी आणि गुरुवारी तुमचा रोजा असतो. आता इतक्या वयाला पण? धन्य आहे बाई. मी गल्लीत पोरांना सांगते, रोजा बघायचा तर अबाह ओमोंचा बघा. बत्तीस वर्षं झाली असतील ना?

एनोक: बत्तीसच.

अबाह ओमो: एनोक, पाणी ठेव चहाचं.

एनोक: मगरिबला अजून वेळ आहे. आणि मी उठले की तुम्ही उठून आत जाल, मला माहीत आहे. मी इथेच बसते.

इमास: अबाह, खरं कारण सांगू मी का मागे लागलेय? तुम्ही आहात फिल्ममध्ये.

अबाह ओमो: मी?

इमास: सांगणार नव्हते. जाजांग म्हणाला होता, सांगू नकोस, त्यांना बसल्या बसल्या कळू दे. पण तुम्ही ऐकतच नाही.

अबाह ओमो: काय दाखवलंय माझं? नाव घेतलंय?

इमास: घेतलंय म्हणजे काय, चार वेळा घेतलंय.

अबाह ओमो: कोणत्या बाबतीत?

इमास: घाबरता काय असे? तुमचा तो जुना बेडुग. आठवतो? तडा गेलेला, मशिदीच्या मागच्या खोलीत पडून होता. तुम्ही स्वतः नवं कातडं चढवलंत, खिळे ठोकलेत, आणि डोक्यावर घेऊन माझ्या दारात आणून ठेवलात. म्हणालात, इमास, पोराला घरी हवा तेवढा बडवू दे, कोणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव. माझा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा. कुणी दारात उभं राहत नव्हतं. आणि त्यातून ते रमजानचं प्रकरण, सगळी गल्ली माझ्या पोरावर थुंकत होती. तेव्हा एकटे तुम्ही आलात, डोक्यावर ढोल घेऊन. अबाह, तो बेडुग अजून आहे. स्टेजवर जाजांगच्या उजव्या हाताला असतो. जर्मनीला गेला, जपानला गेला. विमानात त्याला माणसासारखी जागा घ्यावी लागते. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, यात काय आहे, तर जाजांग म्हणाला, माझे शिक्षक आहेत.

अबाह ओमो: असं म्हणाला?

इमास: फिल्ममध्ये आहे. बघायला नको?

अबाह ओमो: आणि त्या प्रकरणाचं पण आहे फिल्ममध्ये? रमजानचं?

इमास: आहे ना. त्यावर तर हॉलमधली माणसं पोट धरून हसली. जाजांगनेच सांगितलंय. अकरा वर्षांचा होतो, म्हणे, वीज गेली होती, आभाळ भरून आलेलं, सूर्य दिसत नव्हता, भोंगा बंद, रेडिओ बंद. सगळी गल्ली खजूर हातात घेऊन बेडुगाकडे कान लावून बसलेली. आणि मी बडवला. झालं, सगळ्यांनी रोजा सोडला. भात झाला, केळ्याची भजी झाली, गोड सरबत झालं. आणि अकरा मिनिटांनी वीज आली, आणि घराघरातल्या रेडिओवर मगरिबची बांग सुरू झाली. आपले मुखिया तेव्हा तिसरं भजं खात होते. ते त्यांनी तसंच बाहेर काढलं. काय करायचं ते न सुचून खिशात ठेवलं. हॉलमध्ये असा हशा.

एनोक: तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

इमास: तेव्हा कुठलं. तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. पण बघा ना, आता हसता येतं. बत्तीस वर्षांनी हसता आलं, तेही तुमच्यामुळे. तो बेडुग नसता आणलात तर पोराने पुन्हा कशाला हात लावला नसता. शपथेवर सांगते, मी दर नमाजेत तुमचं नाव घेते.

अबाह ओमो: नको घेऊस.

इमास: अहो, त्यात काय.

अबाह ओमो: इमास, नको घेऊस म्हटलं ना.

एनोक: सांगून टाका.

अबाह ओमो: तू गप्प बस.

एनोक: बत्तीस वर्षं गप्पच बसलेय. ही तुमची कुणी वैरी नाही. सांगून टाका, नाहीतर शनिवारी खुर्ची रिकामी राहील आणि जन्मभर मला तुमचं तोंड बघत बसावं लागेल.

इमास: काय झालं अंबू? माझं काही चुकलं का?

अबाह ओमो: आधी मला एक सांग. त्यांचा कार्यक्रम सुरू कसा होतो? फिल्ममध्ये दाखवलं असेल.

इमास: सुरू? हां, ते पण भारी आहे. सगळे दिवे बंद. दहा हजार माणसं, आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. जाजांगचे हात वर, असे, आणि तसेच थांबलेले. मग अंधारात एपुल एकच शब्द म्हणतो. गेउस. बस. आणि जाजांगचा हात त्या बेडुगावर पडतो. आता तर ते गोरे लोक पण म्हणतात त्याच्याबरोबर, उच्चार वाकडा, गॉयस, गॉयस. खाली लिहून येतं, 'झालं'. मला हसूच आलं. आपल्याकडे भात शिजला तरी गेउस, आंघोळ आटपली तरी गेउस. त्या शब्दासाठी लोक तिकीट काढतात.

अबाह ओमो: म्हणजे त्याला आठवतंय. शब्दासकट.

इमास: काय आठवतंय?

अबाह ओमो: बँडचं नाव तिन्हीसांज, आणि सुरुवात गेउसने. मला नाव कळलं होतं तेव्हाच समजलो होतो. ते नाव माझ्यासाठी आहे, इमास. सगळ्या जगात फिरून तो मला ते ऐकवतोय. आणि त्याचा हक्क आहे.

इमास: अबाह, मला काही कळेना.

अबाह ओमो: तुझ्या मुलाला बेडुग कसा वाजवायचा, ते मी शिकवलं. घड्याळाकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. मी काटा बघणार. वेळ झाली की मी म्हणणार, गेउस. मग हात पडला पाहिजे. त्या दिवशी दुपारी मला झोप लागली. मशिदीतलं ते भिंतीवरचं चावीचं घड्याळ बंद पडलं होतं. जागा झालो, बघितलं, चावी दिली, आणि अंदाजाने काटा फिरवला. रोज पाच वेळा घड्याळ बघणारा मी, मला वाटलं माझा अंदाज चुकायचा नाही. विचारायला जाऊ कुणाकडे, आणि म्हणू काय, झोपलो होतो?

इमास: थांबा.

अबाह ओमो: मुलगा काठी धरून उभा होता. दोनदा म्हणाला, अबाह, अजून उजेड वाटतो. मी म्हटलं, घड्याळ तुला जास्त कळतं का मला? आणि मी म्हटलं गेउस. त्याने वाजवला. एवढंच केलं त्याने. मी सांगितलं ते.

इमास: पण तुम्ही तर त्या दिवशी...

अबाह ओमो: मुखिया आले, मागे तीस-चाळीस माणसं. त्यांनी विचारलं, वाजवला कुणी? मी म्हटलं, जाजांगने. खोटं नाही बोललो. कुणी विचारलंच नाही, सांगितलं कुणी. मी वाट बघत होतो, कुणीतरी विचारेल. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता, रोज बघायचा तसंच. त्याला वाटलं असेल मी आता बोलेन. मी बोललो नाही. मग तोही बोलला नाही. एवढ्या एका अर्ध्या खऱ्यावर मी बत्तीस वर्षं निभावून नेली. तो बेडुग मी दया म्हणून आणला नव्हता. मला झोप लागत नव्हती, म्हणून आणला. आणि तू माझे आभार मानत आलीस. दर वेळी तू आभार मानलेस की माझ्या घशात ते भजं अडकतं.

एनोक: घड्याळ माझ्या माहेरचं होतं. यांनीच मशिदीला दिलेलं. त्या रात्री परत घरी आणलं, तेव्हाच मी समजले. पेटीत आहे. चावी दिलेली नाही मी कधी.

अबाह ओमो: आणि रोजे त्याचेच आहेत. पुण्याचे नाहीत. गल्लीत चारशे माणसं होती. प्रत्येकाचा एक रोजा मी मोडला, म्हणून चारशे धरले. दुसऱ्यासाठी धरलेला रोजा त्याच्या नावावर जमा होत नाही, हे मौलवींनी सांगितलं होतं. म्हटलं नाही तर नाही. चारशे केव्हाच संपले, पण थांबवत नाही.

एनोक: इमास, चटईच्या काड्या उपटू नकोस.

इमास: मी त्याला मारलं होतं.

एनोक: माहीत आहे.

इमास: झाडूने. काड्यांची दोरी सुटली तरी थांबले नाही. आणि दुसऱ्या दिवशी बेचाळीस घरांत फिरवलं. प्रत्येक दारात वाकून हात जोडायला लावले. विसाव्या घरापाशी म्हणाला, आई, पाय दुखतात. मी म्हटलं, बडवताना हात नाही दुखले? तुमच्या पण दारात आणलं होतं, अबाह. इथेच. या पायरीवर वाकला होता तो.

अबाह ओमो: हो.

इमास: आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात.

अबाह ओमो: हो.

इमास: मला म्हणालात, पोर आहे, सोडून दे.

अबाह ओमो: म्हणालो.

इमास: मी निघते, अंबू. डबा नंतर नेईन.

एनोक: इमास.

इमास: नाही, मला जाऊ द्या. आता मी काही बोलले तर वाईट बोलेन.

एनोक: जा. पण चपला बघ. एक तुझी घातलीयस, एक माझी.

इमास: बघितलं नाही.

एनोक: शनिवारी मी यांना आणणार नाही, काळजी करू नको. कागद काढून टाक खुर्चीवरचा.

इमास: तो कागद जाजांगने स्वतः लिहिलाय. दोनदा. पहिला वाकडा गेला म्हणून फाडला.

अबाह ओमो: मी येत नाही, इमास. त्या मुलासमोर बसायचं तोंड नाही मला.

इमास: थांबा. जरा थांबा. फिल्ममध्ये एक होतं. मला तेव्हा कळलं नव्हतं, मी म्हटलं असेल काहीतरी कलाकारांचं बोलणं. ती चष्मेवाली बाई त्याला विचारते, ड्रम वाजवणारा तू, सुरुवात तुझी, मग शब्द एपुल का म्हणतो? तर जाजांग हसतो. असा खाली बघून. आणि म्हणतो, मी स्वतःहून कधी वाजवत नाही. कुणी गेउस म्हटल्याशिवाय माझा हात उठत नाही. मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी तसंच शिकवलं. एक जण म्हणतो, एक जण वाजवतो. बरोबर झालं तर दोघांचं, चुकलं तरी दोघांचं.

एनोक: दोघांचं म्हणाला?

इमास: दोघांचं. ती बाई म्हणते, मग चुकलं होतं तेव्हा? तर म्हणतो, माझ्या वाट्याचं मी घेतलं. आणि कप उचलून चहा प्यायला. मला वाटलं एपुलबद्दल बोलतोय.

अबाह ओमो: त्याने माझ्या वाट्याचं पण घेतलं.

इमास: ऐका तर. नावाचं पण विचारलं तिने. सारेउपना का? तुम्ही म्हणता तुम्हाला ऐकवायला. अबाह, तो काय म्हणाला सांगू? मला पाठ आहे, मी भाजीवाल्याला सांगितलंय. म्हणाला, मी अकरा वर्षांचा होतो, बाप नुकताच गेला होता, शाळेत शेवटच्या बाकावर, माझं कोणी काही ऐकत नव्हतं. आणि त्या तिन्हीसांजेला मी एकदा हात मारला, आणि चारशे माणसांनी घास तोंडात घातला. सगळ्या गल्लीने माझ्या हाताचं ऐकलं. अकरा मिनिटं का होईना, ऐकलं. मार मी विसरलो, फिरणं विसरलो, ती अकरा मिनिटं नाही विसरलो. पुन्हा तसं व्हावं म्हणून वाजवत आलोय. म्हणून नाव तिन्हीसांज. आणि मग म्हणाला, अबाह ओमोंनी मला ती दिली.

अबाह ओमो: दिली म्हणाला? चुकून दिली, असं नाही?

इमास: दिली म्हणाला. आणि आज मला कळतंय, त्याला सगळं माहीत असून तो म्हणालाय.

एनोक: बस इमास. पायरीवर नको, वर ये.

इमास: मला राग आलाय, अंबू. खोटं कशाला सांगू. यांचा आलाय आणि माझा त्याहून जास्त. मला त्याने कधी सांगितलं नाही. झाडू खाल्ला पण सांगितलं नाही.

एनोक: सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?

इमास: झाडू घेऊन इथे आले असते.

एनोक: मग यांनी डोक्यावर बेडुग घेऊन तुझ्या दारात यायची हिंमत केली असती?

इमास: नसती. कसली करतायत.

अबाह ओमो: इमास, दर ईदला सगळे सगळ्यांची माफी मागतात. माझं जे काही चुकलं असेल, उघड, मनातलं, माफ कर. रीतच आहे. मी दरवर्षी नमाजेतून आधी तुझ्या घरी यायचो.

इमास: हो. मी म्हणायचे, केवढा मोठा माणूस, आधी विधवेच्या दारात येतो. तुम्ही माझे दोन्ही हात धरायचात आणि खूप वेळ सोडायचे नाहीत.

अबाह ओमो: रीत म्हणून नव्हतो म्हणत. दरवर्षी खरंच मागत होतो. तू हसून म्हणायचीस, माझंही चुकलं असेल, केलं माफ. मी घरी यायचो, आणि ते मोजलं जायचं नाही हे मला कळायचं. तुला ठाऊकच नव्हतं काय माफ करतेयस.

इमास: बत्तीस वेळा माफ केलंय म्हणजे मी तुम्हाला. न कळता.

अबाह ओमो: शनिवारी मी आधी उभा राहीन. गल्लीसमोर. फिल्म सुरू व्हायच्या आत सांगेन, सांगितलं कुणी ते.

एनोक: मुखिया गेले. शिंप्याची आई गेली. त्या दिवशी दारात आलेल्यांतली निम्मी आता कबरीत आहेत.

अबाह ओमो: जी आहेत ती ऐकतील. आणि मुलगा ऐकेल.

इमास: आधी नाही. आधी फिल्म बघा, मधोमध बसून, दोन्ही डोळ्यांनी. मग उभे राहा. त्याने तुमचं चार वेळा नाव घेतलंय, ते तुम्ही आधी ऐकायचं. तुमचं बोलणं त्यानंतर. आणि तो स्वतः येणार आहे तुम्हाला न्यायला, पावणेचारला. केस बांधून ये म्हणून सांगते त्याला.

अबाह ओमो: केस राहू दे. जसे आहेत तसे.

एनोक: उजेड चाललाय. पाणी ठेवते चहाचं. आता कोणी आत पळून जाणार नाही ना?

अबाह ओमो: नाही.

इमास: सुराबी गार झाल्या. घरी जाऊन दोन गरम करून आणू का?

अबाह ओमो: असू दे. गारच चालतील. किती वाजले, इमास?

इमास: फोनमध्ये सहाला पाच कमी दाखवतंय. पण मी फोनचं ऐकणार नाही, आणि तुम्ही पण काही बोलायचं नाही. गप्प बसा. ही घ्या, हातात धरून ठेवा. खाऊ नका.

एनोक: चहा घे. तुझ्यात साखर दोन चमचे घातलीय.

इमास: शू. ऐका.

(मशिदीतून बेडुग वाजतो. मग भोंग्यातून मगरिबची बांग सुरू होते. अबाह ओमो हातातल्या सुराबीकडे बघत तसेच बसून राहतात.)

एनोक: अहो, झाली की बांग. सोडा रोजा. कशाची वाट बघताय?

इमास: गेउस, अबाह.